रिळाचा भरवसा

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नद्या लहान, पण धरणे मोठी. कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव. मीना नदीवर वडज. घोड नदीवर डिंभे. डिंभ्याच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत ते कामाला होते. परदेशी कापड नेणारी मोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी तिच्याखाली सापडून ते हुतात्मा झाले.

या पाण्याच्या पोटात जुने आंबेगाव आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला, तेच गाव बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. ज्यांची शेते बुडाली त्यांत महादेव कोळी समाजाची घरे पुष्कळ होती. शेत गेले, पुढे पाणी पसरलेले. मग त्या पाण्यातूनच पोट भरायचे त्यांनी ठरवले. 'शाश्वत' ही संस्था त्यांच्या बरोबर उभी राहिली. मच्छीमारांची सहकारी संस्था झाली. 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. केवढ्या लांब या पाण्याची कीर्ती गेली पाहा!

ही मंडळी जाळ्याने मासे धरतात. आजचा धडा मात्र जाळ्याचा नाही. काठावर बसून गळ टाकणाऱ्या माणसाचा आहे, आणि त्याच्या हातातल्या रिळाचा आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक तरुण येतो. दिवसा मंचरच्या बाजारात हमाली करतो. सुटीच्या दिवशी काठावर गळ घेऊन बसतो. बसण्याआधी संस्थेच्या माणसांना विचारतो, हे चांगले करतो. पाणी उघडे दिसले तरी त्यातल्या माशांवर कोणाचा तरी हक्क असतो. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा तर विचारल्याशिवाय बसूच नये.

तर या तरुणाने चार दिवसांची मजुरी घालून काठी आणि रीळ विकत आणले. एका सकाळी त्याच्या गळाला मोठा रोहू लागला. काठी वाकली. मासा खोल पाण्याकडे पळाला. अशा वेळी रिळाने दोरा थोडा थोडा सोडायला हवा. पण रीळ गप्प! क्षणभरात तंगूस ताणला आणि 'फट्' करून तुटला. मासा गेला. तोंडात गळ घेऊन गेला, हे त्या माशाचेही वाईटच झाले.

दुकानदार म्हणाला, "हे रीळ गेलं. दुसरं घ्या."

तरुण आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, चार दिवसांचे पैसे पाण्यात गेले. आता हे फेकूनच द्यायचं का?"

आम्ही म्हणालो, "अरे, थांब. आधी ते कशानं अडलं ते तर बघू."

वर्गात त्या रात्री पाटी-पेन्सिल बाजूला राहिली. मध्ये एक ताट ठेवले, ताटात जुने धोतर पसरले आणि त्यावर रीळ ठेवले. ताट कशाला? आत बारीक स्प्रिंगा असतात. उघडताना टुणकन उडतात. एकदा का शेणाच्या जमिनीवर पडल्या की सापडायच्या नाहीत. काढलेला प्रत्येक भाग आम्ही ओळीने मांडला आणि कागदावर त्याच्यापुढे १, २, ३ असे आकडे घातले. बसवताना तेच आकडे उलटे वाचायचे. आमच्या वर्गातल्या एका मावशींना आकडे नुकतेच येऊ लागले होते. त्यांनीच ते लिहिले.

आता रीळ म्हणजे काय ते पाहू. दोरा गुंडाळायचे यंत्र, एवढेच ते. पुढे शिवणयंत्राच्या बॉबिनसारखा भाग असतो. त्याला स्पूल म्हणतात. स्पुलाभोवती तारेची एक कडी फिरते आणि दोरा गुंडाळते. बाजूला हँडल. पोटात दात्यांची दोन चाके. हँडल एकदा फिरवले की कडी पाच-साडेपाच वेळा फिरते. डब्यावर ५.२:१ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ हाच. दोरा फेकताना कडी उघडायची. मग स्पूल जागचे हलत नाही. दोरा त्याच्या तोंडावरून वेढ्या-वेढ्यांनी सुटत जातो.

ही युक्ती कोणाला सुचली? इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे लोकरगिरण्यांचे गाव आहे. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीवाल्याने १९०५ साली अशा रिळाचा हक्क नोंदवला. गिरणीत बॉबिन जागेवर राहते आणि सूत तिच्या टोकावरून सुटते, हे तो रोज पाहत होता. आपल्या तालुक्यांतल्या किती माणसांनी मुंबईच्या गिरण्यांत तेच पाहिले असेल! वर्गातले एक म्हातारे बाबा तरुणपणी गिरणीत होते. रीळ हातात घेऊन ते म्हणाले, "ही तर आमची कांडी हाय!"

आता दोषांकडे येऊ. पहिला दोष तोच, ज्याने त्या तरुणाचा मासा घालवला. स्पुलाच्या टोकावर एक गोल बटण असते. ते आवळले की दोरा जड सुटतो, सैल केले की हलका. या योजनेला ड्रॅग म्हणतात. आपण तिला लगाम म्हणू. स्पुलाच्या आत दोन-तीन वायसर एकावर एक बसवलेले असतात; काही धातूचे, काही दाबलेल्या लोकरीचे. त्यांच्या घर्षणावर लगाम चालतो. घरी नेऊन ठेवताना बटण तसेच आवळलेले राहिले, तर महिन्या-दोन महिन्यांत हे वायसर चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. मग लगाम सुटतच नाही. किंवा अडून राहतो आणि एकदम धक्क्याने सुटतो. तंगूस तुटतो तो त्याच धक्क्याला.

त्या रिळाचे वायसर असेच चिकटले होते. नखाने अलगद सोडवले. चिकट घाण कोरड्या फडक्याने पुसली. एका वायसराची कड झिजली होती, पण काम भागण्यासारखी होती. लोकरीच्या वायसरांना ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. काही रिळांत हे वायसर कोरडेच ठेवायचे असतात. आधी कसे होते ते पाहावे आणि तसेच करावे. पुन्हा बसवले. बटण थोडे थोडे आवळत गेलो, तसा दोरा थोडा थोडा जड होत गेला. असेच व्हायला हवे. "गेलेले" रीळ अर्ध्या तासात परत आले. एक पैसा लागला नाही.

पण लगाम किती आवळावा? तिथे बहुतेक जण अंदाजाने चालतात आणि अंदाज जास्तीकडे झुकतो. याला एक सोपा उपाय आहे. तंगुसाच्या वेष्टनावर तो किती किलो पेलतो ते लिहिलेले असते. पौंडांत असेल तर एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धरा. त्या वजनाच्या पाव भागाला लगाम सुटायला हवा, फार तर तिसऱ्या हिश्श्याला. तंगूस ६ किलोचा असेल तर दीड किलो. आता दीड किलो कुठून आणायचे? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बाटलीत दीड लिटर पाणी भरा, तंगुसाला बांधा आणि रीळ हातात धरून बाटली लोंबकळती सोडा. बाटली हळूहळू, न अडखळता खाली उतरली पाहिजे. मुळीच उतरली नाही तर लगाम घट्ट. धाडकन आली तर सैल. उतरता उतरता अडली आणि झटका देऊन सुटली, तर वायसर तपासा.

तुम्ही विचाराल, सहा किलोच्या दोऱ्याला दीडच किलो का? कारण गाठीपाशी दोऱ्याचे बळ कमी होते. काठीच्या कड्यांतून वाकून जाताना त्याला जास्त ओढ लागते. आणि मासा पळतो तो एकसारखा नाही, हिसके देतो. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना दोरा तापतो आणि तिथेच कच्चा होतो. हे आमच्या काठावरच्या जुन्या माणसांना कोणी न शिकवता माहीत आहे.

दुसरा मोठा त्रास गुंत्याचा. दर वेळी गळ फेकला की दोऱ्याचे पक्ष्याचे घरटे होते आणि लोक म्हणतात, "रीळ वाईट." बहुतेक वेळा रीळ वाईट नसते, दोरा चुकीचा भरलेला असतो. स्पुलाच्या काठापर्यंत शीग लावून दोरा भरू नये. काठाखाली एक सूत जागा ठेवावी. सुताराचे सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. शीग भरली तर वेढे आपोआप घसरतात. फारच कमी भरला तर दोरा काठावर घासतो आणि गळ लांब जात नाही. स्पुलावर ०.३० / २०० असे आकडे असतील, तर ०.३० मिलिमीटर जाडीचा २०० मीटर दोरा त्यात मावतो असे समजावे. जाड दोरा घेतला तर मीटर कमी.

गुंत्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याच हातात असते. मासा दोरा ओढून नेतो आहे, लगाम 'कर्र' करून सुटतो आहे, आणि आपण घाबरून हँडल फिरवतोच आहोत. दोरा तर येत नाही, पण कडीच्या प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात एक पीळ पडतो. वीस वेळा फिरवले तर शंभराच्या वर पीळ! मग दुसऱ्या दिवशी दोरा सैल सोडला की तो आपोआप वेटोळे घालतो. मासा पळत असताना हँडल थांबवावे. तो थांबला की काठी हळू उचलावी आणि खाली आणता आणता दोरा गुंडाळावा. पीळ पडलाच असेल तर गळ आणि शिसे काढून नुसता दोरा मोकळ्या शेतात लांब पसरावा आणि ओढत आणावा. पीळ पुष्कळसा उतरतो.

तारेच्या कडीच्या टोकाशी एक बारीकशी गिरकी असते. दोरा तिच्यावरून वळून स्पुलाकडे येतो. ही गिरकी फिरायला हवी. धूळ, चिखल बसला की ती अडते. मग दोरा एकाच जागी घासत राहतो आणि तिथे खाच पडते. खाच पडलेल्या गिरकीने नवा तंगूसही दोन दिवसांत खरबरीत होतो. माणूस तंगुसाला शिव्या देतो आणि दोष बिचाऱ्या गिरकीचा! महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब तिथे द्यावा. एकच थेंब.

कडीची स्प्रिंग हाही नेहमीचा दुखणेकरी. स्प्रिंग थकली की फेकतानाच कडी मिटते, दोरा अडतो आणि आमिष तुटून एकटेच पाण्यात जाऊन पडते. हँडल फिरवून कडी मिटवण्याची बऱ्याच जणांची सवय असते. त्यापेक्षा हाताने मिटवावी. स्प्रिंग जास्त दिवस टिकते आणि सैल राहिलेला वेढाही लगेच दिसतो.

हँडल उलटे फिरू लागले तर? रिळाच्या पोटात एक बेअरिंग असे असते की ते एकाच बाजूला फिरते. त्यात ग्रीस गेले की ते घसरते. माणूस प्रेमाने सगळीकडे ग्रीस भरतो आणि हँडल उलटे फिरून बोटांवर बसते. ग्रीस दात्यांच्या चाकांना. या बेअरिंगला ग्रीस मुळीच नको. ते रॉकेलने धुवावे, कोरडे करावे आणि अगदी पातळ तेलाचा स्पर्श द्यावा. धुण्याचे काम चुलीपासून आणि विडीपासून लांब करावे, हे सांगायला नकोच. पण सांगून ठेवतो.

आता दात्यांची चाके. स्वस्त रिळात मोठे चाक जस्ताच्या मिश्रधातूचे असते. मऊ धातू. त्यात वाळूचा कण गेला की हँडल फिरवताना 'खर्र खर्र' लागते. ते तसेच फिरवत राहिलात तर दाते झिजतात, आणि झिजलेले दाते परत येत नाहीत. खरखर लागली त्याच दिवशी उघडून पुसावे. रीळ वाळूत, चिखलात टेकवू नये. काठावर एक गोणपाट अंथरले तरी पुरते.

पण आमच्याकडे चाके मोडतात ती वाळूपेक्षा दुसऱ्याच कारणाने. आम्ही वर सांगितले की डिंभ्याच्या पाण्याखाली गाव आहे. बांध आहेत, झाडांची खोडे आहेत, घरांचे चौथरे आहेत. गळ त्यांत अडकतो. मग माणूस काय करतो? काठी वाकवून हँडल जोराने फिरवतो. विहिरीवरचा रहाट समजून फिरवतो म्हणा ना! रीळ हे दोरा गुंडाळायचे यंत्र आहे, चौथरा उचलायचे नव्हे. दाते तुटतात, नाहीतर हँडलाचा दांडा वाकतो. गळ अडकला तर काठी खाली ठेवावी. तंगूस एका जाड लाकडाच्या तुकड्याला चार-पाच वेढे देऊन गुंडाळावा आणि लाकूड दोन्ही हातांनी धरून सरळ मागे चालत जावे. नुसत्या हाताला तंगूस गुंडाळू नये. तो बोट कापतो. गळ सुटला तर सुटला, नाहीतर गाठीपाशी तुटेल. तोंड बाजूला ठेवावे, कारण सुटलेले शिसे गोळीसारखे येते.

आणि एक गोष्ट आम्ही वर्गात दरडावून सांगितली, इथेही सांगतो. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये. धरणाच्या काठाला गाळ साचलेला असतो. वरून घट्ट दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत जातो. पुढे एकदम खोल. पायात तंगूस गुंतला तर पोहणाऱ्यालाही हात-पाय मारता येत नाहीत. दहा-वीस रुपयांच्या गळासाठी कोणी घरच्यांना रडवू नये. तसेच, दिवस बुडाला की काठावरून उठावे. हा बिबट्यांचा मुलूख आहे. उकिडव्या बसलेल्या माणसाला बिबट्या माणूस समजेलच असे नाही.

नवे रीळ घ्यायचे असेल तर डब्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. दहा बेअरिंगे लिहिली म्हणजे रीळ दहापट टिकते असे नाही. दहा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी. दुकानातच रीळ कानाशी धरून हँडल अगदी हळू फिरवा. कुठे अडते का, खरखरते का ते ऐका. हँडल मागे रेटून पाहा, सैल हलता कामा नये. कडी दहा वेळा उघडमीट करा. गिरकी बोटाने फिरवा. लगामाचे बटण सैलापासून घट्टापर्यंत आवळत न्या आणि स्पूल हाताने ओढून पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. पैसे तुमचे आहेत.

आमच्या गोड्या पाण्यात गंज हळू चढतो. पण इथली पुष्कळ माणसे मुंबईत, कोकणात कामाला असतात आणि रीळ तिकडे नेतात. खाऱ्या पाण्यात एक दिवस वापरलेले रीळ तसेच पिशवीत राहिले तर आठवड्यात आत पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते. ते मीठ आणि धातूचा गंज. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. नळाखाली जोराने धरू नये, पाण्याच्या जोराने मीठ आत जाते. शिडकावा देण्याआधी लगाम आवळावा, म्हणजे वायसरांत पाणी शिरत नाही. सावलीत वाळवावे आणि वाळल्यावर लगाम पुन्हा पुरता सैल करावा. ही शेवटची गोष्टच माणसे विसरतात. आमचा हमाल तरुणही तीच विसरला होता.

वर्गातल्या बाबांना हे सगळे ऐकून हसू आले. ते म्हणाले, "आमी तंगूस पत्र्याच्या डब्याला गुंडाळायचो. बिघडायला काय हायच न्हाई त्यात." खरे आहे. डब्याला ना स्प्रिंग, ना दाते. हाताच्या बोटांतून दोरा सोडायचा, बोट हाच लगाम. ज्याला काठाजवळचेच मासे पुरेत, त्याने रीळ घ्यायची गरज नाही. गळ लांब टाकायचा असेल आणि मोठा मासा दमवून आणायचा असेल, तेव्हाच रिळाचे काम.

त्या तरुणाने रिळाच्या डब्यात आता एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: 'लगाम सैल केला का?' वेलांटी चुकली होती, ती आम्ही दुरुस्त केली. पुढच्या सुटीला तो पुन्हा काठावर गेला. मासा लागला, मोठा होता. लगाम छान सुटला, दोरा तुटला नाही. मासा दोनदा पळाला, दोनदा थांबला, आणि काठापासून पाच हातांवर आला असताना गळच सरळ होऊन सुटला.

वर्गात येऊन त्याने तो सरळ झालेला गळ आमच्यापुढे ठेवला. म्हणाला, "आता यात माझं काय चुकलं?"

आम्ही गळ हातात घेऊन वाकवून पाहिला. नुसत्या बोटांनी वाकला. तो दोष रिळाचा नव्हता.